‘पान लागलं’ ते ‘टोसिस’: कर्जत-खालापुरात रुग्णवाहिकेची भाषा कोणती असावी?

“आजीला पान लागलंय, लवकर या.”

कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून रात्री असा फोन आला, तर पलीकडच्या माणसाला काय कळेल? शहरात वाढलेल्याला कदाचित काहीच नाही. पण जुन्या मराठीत ‘पान लागणं’ म्हणजे साप चावणं. सापाचं थेट नाव घ्यायचं नाही म्हणून कुणी ‘जनावर चावलं’ म्हणतं, कुणी ‘लांबडं’ म्हणतं.

आता हीच आजी तासाभराने रुग्णालयात पोहोचली की तिच्या कागदावर काय लिहिलं जाईल? ‘स्नेक बाइट, न्यूरोटॉक्सिक, बायलॅटरल टोसिस, ए.एस.व्ही. नॉट गिव्हन.’ म्हणजे मज्जासंस्थेवर परिणाम करणारा सर्पदंश, दोन्ही पापण्या खाली पडलेल्या, सर्पविषावरची लस अजून दिलेली नाही.

वाडीवरचं वाक्य आणि रुग्णालयाच्या कागदावरचं वाक्य, या दोघांच्या मधे एकच माणूस असतो. रुग्णवाहिकेत मागे बसलेला. त्याला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात, थोडक्यात ‘ईएमटी’. या माणसाला वैद्यकीय शब्द शिकवायचे कसे आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न वरवर अभ्यासक्रमाचा वाटतो. कर्जत-खालापूरसारख्या भागात तो जगण्या-मरण्याचा आहे.

का, ते समजून घेऊ.

कर्जत आणि खालापूरच का?

नकाशा उघडून पाहा. रायगड जिल्ह्याच्या आतल्या बाजूचे हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग, दोन्ही खालापूर तालुक्यातून बोरघाट चढतात. साधारण ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २०१६ या एका वर्षात त्यावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा मृत्यू कमी करण्याचा प्रकल्प तिथे सुरू झाला.

पण इथे फक्त अपघात होत नाहीत. रसायनी-पाताळगंगा आणि खोपोली परिसरात कारखाने आहेत, म्हणजे भाजणं आणि वायुगळतीचा धोका आहे. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर पर्यटकांची गर्दी असते, म्हणजे बुडण्याचा धोका. माथेरान कर्जत तालुक्यातच येतं आणि तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे, अपवाद रुग्णवाहिकेचा. आणि डोंगरात ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. यातल्या अनेक वाड्यांपर्यंत चारचाकी पोहोचत नाही.

२०२३ या एकाच वर्षातल्या दोन घटना आठवून पाहा.

१५ एप्रिल २०२३. पिंपरी-चिंचवड भागातला आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम आटोपून गोरेगावचं एक ढोल-झांज पथक परत निघालं होतं. पहाटे जुन्या महामार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ त्यांची बस दरीत कोसळली. १३ जणांचा जीव गेला. अंधारात, उतारावर, दोरांच्या मदतीने जखमींना वर काढावं लागलं.

१९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी रात्री दरडीखाली गेली. वाडीत २२८ माणसं होती. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं. वर जायला फक्त पायवाट होती. यंत्रं नेता येत नव्हती, खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उपयोगी पडलं नाही.

या दोन्ही घटनांमध्ये एक गोष्ट सारखी होती. मदतीला धावून गेलेल्यांत स्थानिक माणसं पुढे होती. खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ ही स्वयंसेवकांची टीम या भागात वर्षानुवर्षं हेच काम करते. यातली बहुतेक माणसं डॉक्टर नाहीत. म्हणजे जखमीला पहिल्यांदा हात लावणारा आणि त्याच्यावर उपचार करणारा यांच्यात हस्तांतराच्या बऱ्याच पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर माहिती शब्दांतूनच पुढे जाते.

रुग्णवाहिकेत नेमकं कोण असतं?

इथे महाराष्ट्राची गोष्ट थोडी वेगळी आहे.

राज्याची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. तेव्हा ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यातल्या २३३ ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’, म्हणजे व्हेंटिलेटरसह अत्याधुनिक सोय असलेल्या, आणि ७०४ ‘बेसिक लाइफ सपोर्ट’ प्रकारच्या. इतर अनेक राज्यांत १०८ मध्ये ईएमटी असतो. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर ठेवायचं ठरवलं. त्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत.

मग ईएमटी कुठे लागतो? खासगी रुग्णवाहिकांत, कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत, महामार्गावरच्या गाड्यांत, रुग्णालयांच्या अपघात विभागांत. देशपातळीवर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन – बेसिक’ हा ठरलेला अभ्यासक्रम आहे. फोनला प्रतिसाद देणं, घटनास्थळ सुरक्षित आहे का ते पाहणं, रक्तस्राव, हृदयविकार, विषबाधा, प्रसूती, एकाच वेळी अनेक जखमी आणि शेवटी रुग्णाला रुग्णालयाच्या ताब्यात देणं, हे सगळं त्यात येतं.

२०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)’ हे नाव आहे. म्हणजे ‘गाडीसोबत जाणारा मुलगा’ अशी ज्याची ओळख होती, त्याला कायद्याने आरोग्य व्यावसायिक मानलं आहे. व्यवसाय म्हटला की परीक्षा आली, नोंदणी आली आणि शब्द आले.

इथेच कर्जत-खालापूरच्या मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाची किंवा मुलीची अडचण सुरू होते.

शब्द किती आणि कसले?

पहिल्याच आठवड्यात समोर येतात: टॅकिकार्डिया, ब्रॅडिकार्डिया, डिस्प्निया, अ‍ॅप्निया, हायपोग्लायसेमिया, हेमाटोमा, सुपाइन, प्रोन, डिस्टल, प्रॉक्सिमल. त्यावर संक्षेपांचा पाऊस: आर.टी.ए., एम.आय., सी.व्ही.ए., एल.ओ.सी., एस.ओ.बी. हे सगळं पाठ करायचं म्हटलं तर कुणाचाही धीर सुटेल.

पण हे शब्द पाठ करायचे नसतात, तोडायचे असतात. बहुतेक शब्द दोन-तीन तुकड्यांचे असतात. पुढचा तुकडा ‘कसं’ ते सांगतो, मधला ‘कुठे’ आणि शेवटचा ‘काय झालं’ ते सांगतो.

- टॅकि = वेगाने, ब्रॅडि = संथ. कार्डिया = हृदय. मग टॅकिकार्डिया म्हणजे ठोके जलद, ब्रॅडिकार्डिया म्हणजे ठोके मंद.
- प्निया = श्वास. अ‍ॅप्निया म्हणजे श्वास बंद, डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, टॅकिप्निया म्हणजे श्वास जलद.
- आयटिस = दाह किंवा सूज. अपेंडिसायटिस, गॅस्ट्रायटिस.
- एमिया = रक्तात. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर कमी.
- हेमि = अर्धा, प्लेजिया = लकवा. हेमिप्लेजिया म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडणं.

असे साधारण पन्नास-साठ तुकडे आले, तर शेकडो शब्दांचा अर्थ अंदाजाने लावता येतो.

आणि मराठी मुलांसाठी यात एक छुपी सवलत आहे. हे तुकडे ग्रीक आणि लॅटिनमधले आहेत. या भाषा आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्यामुळे काही शब्द मुळातच आपले चुलतभाऊ लागतात. ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड, आपलं ‘अस्थि’. ‘ओडोंट’ म्हणजे दात, आपलं ‘दंत’. ‘नेझो’ म्हणजे नाक, आपलं ‘नासिका’. ‘पेरी’ म्हणजे भोवतालचं, आपलं ‘परि’, जसं परिसर. अ‍ॅप्नियातला ‘अ’ हा आपल्या ‘अशक्य’मधलाच ‘अ’. डिस्प्नियातला ‘डिस’ हा ‘दुष्काळ’, ‘दुर्गंध’ यांतल्या ‘दुस्’चा भाऊ.

सगळ्यात मजेशीर जोडी ‘हायपर’ आणि ‘हायपो’ची. हायपरचं नातं ‘उपरि’शी, म्हणजे वर. हायपोचं नातं ‘उप’शी. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या पाटीवरचा ‘उप’ आठवा, जिल्हा रुग्णालयाच्या एक पायरी खाली. एवढं लक्षात राहिलं तरी वर-खाली उलटं होणार नाही.

अर्थात ही युक्ती प्रत्येक शब्दाला लागू होत नाही आणि ओढूनताणून लावूही नये. पण ‘हे शब्द परके आहेत, आपल्याला जमणार नाहीत’ ही भीती कमी करायला ती पुरेशी आहे.

खरा धोका कुठे आहे?

अवघड शब्दापेक्षा धोकादायक असतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. काही उदाहरणं पाहा.

शॉक. आपल्याकडे शॉक बसतो विजेचा, किंवा वाईट बातमीचा. वैद्यकात ‘शॉक’ म्हणजे शरीराच्या अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणं. नाडी जलद आणि अशक्त, त्वचा गार आणि घामेजलेली, माणूस गोंधळलेला. अपघातानंतर कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाकडे पाहून लोक म्हणतात, “शॉकमध्ये आहे, जरा बसू द्या.” तो मनाने हादरलेला असू शकतो. किंवा त्याच्या पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

अटॅक. “बाबांना अटॅक आला.” हृदयविकाराचा, पक्षाघाताचा की दम्याचा? तिन्हीसाठी हा शब्द वापरतात. ‘झटका’ तर याहून पसरट. त्यात आकडी येते, वीज येते, हृदयही येतं.

गॅस. “छातीत गॅस धरलाय.” हृदयविकाराच्या कळेला घरात हेच नाव मिळतं आणि ओवा-सोडा देण्यात तास जातो.

मुका मार. हा तर मराठीतला फार नेमका शब्द आहे. इंग्रजीतल्या ‘ब्लंट ट्रॉमा’ला याहून चांगला पर्याय सापडणार नाही. पण बोलताना आपण त्याला ‘च’ जोडतो: “मुका मारच आहे, रक्त कुठे नाही.” बाहेर रक्त नाही म्हणजे आत नाही, असं नसतं. स्टिअरिंग पोटावर आदळलेल्या चालकाची प्लीहा फाटलेली असू शकते.

म्हणून चांगला ईएमटी शब्दाचं भाषांतर करत नाही, शब्दामागचं चित्र विचारतो. अटॅक म्हणजे नेमकं काय झालं? तोंड वाकडं झालं का? हात उचलता येतो का? छातीत दुखलं तर कळ हातात गेली का? घाम आला का? याच्या उत्तरांवरून मग वैद्यकीय शब्द ठरतो. उलट क्रमाने गेलं, की चूक होते.

पुस्तकात नसलेला शब्दकोश

ईएमटीला दोन शब्दसंग्रह लागतात. एक रुग्णालयाचा, तो पुस्तकात मिळतो. दुसरा रुग्णाचा, तो कुठल्याच पुस्तकात एकत्र मिळत नाही.

धाप लागली, दम कोंडला, घेरी आली, भोवळ आली, उमासे येतात, दातखिळी बसली, डोळे फिरवले, अंगात कसकस आहे, जीव खाली-वर होतोय, हातपाय गार पडले. बाळंतपणात: कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, वार पडली नाही. ‘वार’ म्हणजे प्लासेंटा. मूल जन्मल्यावर वार बराच वेळ पडली नाही, तर आईला रक्तस्रावाचा धोका असतो. हे वाक्य ऐकून न कळलेला तरुण टेक्निशियन मोलाची मिनिटं घालवेल.

अशा वाक्यांत किती माहिती असते, याचा मोठा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं तपासले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही साधी दिसणारी लक्षणं पुढे हृदयावर होणाऱ्या परिणामाची आगाऊ सूचना असतात, हे त्यांनी मांडलं. त्यांचा हा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी प्रॅझोसिन या औषधाचा वापर रुजवला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. पद्मश्रीने सन्मानित झालेल्या या कामाची सुरुवात खाटेशेजारी बसून नीट पाहण्या-ऐकण्यातून झाली.

सर्पदंशाचंही तसंच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, अनेकदा फारसं दुखतही नाही. पहाटे माणूस म्हणतो, पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. ‘डोळे जड झालेत’ या वाक्यातून ज्याला ‘टोसिस’ ऐकू येतं, तो वेळेत ए.एस.व्ही. असलेल्या रुग्णालयाचा रस्ता धरतो.

आता महामार्गाचा विचार करा. तिथला जखमी मराठी असेलच असं नाही. ट्रकचालक देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकतो. बेशुद्धीची पातळी मोजायला जगभर ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५ गुण. यातले बोलण्याचे ५ गुण रुग्ण सुसंगत बोलतो का यावर अवलंबून असतात. समजा रुग्ण तमिळमध्ये किंवा कातकरी बोलीत अगदी सुसंगत बोलतोय, पण टेक्निशियनला कळत नाही. मग ‘बडबडतोय’ म्हणून गुण कमी पडण्याची शक्यता असते. म्हणजे भाषेची अडचण थेट मेंदूच्या दुखापतीच्या आकड्यात उतरते.

मग सगळं मराठीतच शिकवावं का?

ही मागणी नवी नाही. १८२६ मध्ये मुंबईत देशी भाषांमधून वैद्यक शिकवणारी शाळा सुरू झाली होती, ती काही वर्षांतच, १८३२ मध्ये बंद पडली. पुढे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आलं आणि वैद्यकाची मुख्य भाषा इंग्रजी झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या विषयांचे परिभाषा कोश काढले. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र यांचेही आहेत.

हे काम मोलाचं आहे. पण कोशातला शब्द आणि गाडीतला शब्द वेगळा असतो. ‘अल्पशर्करारक्तता’ असा शब्द बनवला, तर तो हायपोग्लायसेमियाइतकाच परका वाटेल. ‘शुगर खाली गेली’ हे मात्र सगळ्यांना कळतं.

मध्य प्रदेशने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तकं आणली. तिथेही वाक्यं हिंदी ठेवली, पण बहुतेक वैद्यकीय संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत. त्यावर विनोद झाले. पण ईएमटीच्या शिक्षणासाठी हाच मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे, असं आम्हाला वाटतं. त्याची कारणं सरळ आहेत.

एक, औषधाच्या बाटलीवर, यंत्राच्या पडद्यावर आणि रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजी असतं. खालापूरचा गंभीर जखमी बऱ्याचदा पनवेल, कामोठे किंवा नवी मुंबईला जातो. तिथला ड्युटी डॉक्टर मराठी असेलच असं नाही. त्यामुळे संज्ञा इंग्रजीच हवी.

दोन, ती संज्ञा समजावून सांगणारं वाक्य मात्र विद्यार्थ्याच्या भाषेत हवं. हृदय रक्त कसं ढकलतं, हे मराठीत कळलं तर ‘कार्डिअ‍ॅक आउटपुट’ हा शब्द आपोआप जागेवर बसतो. इंग्रजीत रट्टा मारला, तर परीक्षा सुटते, पण घाटात काही सुचत नाही.

तीन, काही ठिकाणी कोणतीच भारी संज्ञा नको. सायरन चालू असताना फोनवर ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांतला फरक ऐकू येत नाही, आणि दोन्हींवरचे उपचार उलटे आहेत. तिथे ‘शुगर लो, ४२’ असं आकड्यासह बोलणंच सुरक्षित. तेच ‘एल.ओ.सी.’चं. कुणी त्याचा अर्थ ‘शुद्ध हरपली’ असा घेतो, कुणी ‘शुद्धीची पातळी’ असा.

म्हणजे ‘मराठी की इंग्रजी’ हा प्रश्नच अर्धवट आहे. समजण्यासाठी मराठी, नोंदीसाठी इंग्रजी संज्ञा, आणि घाईत बोलण्यासाठी साधे शब्द व आकडे, अशी ही वाटणी आहे.

कमी शिकलेल्यांना हे जमेल का?

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगायला हवी. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. त्या काळी तिथे रुग्ण पोलिसांच्या गाडीतून नेले जायचे. डॉ. पीटर साफार यांनी गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना निवडलं. त्यातल्या अनेकांकडे ना नोकरी होती ना पूर्ण शालेय शिक्षण. त्यांना शेकडो तासांचं कसून प्रशिक्षण दिलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी या टीमसोबत केलेल्या कामातून अमेरिकेच्या पॅरामेडिक अभ्यासक्रमाचा पाया घातला गेला. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद केली, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकली.

आपल्यासाठी यातला मुद्दा स्पष्ट आहे. ज्या वस्तीत सेवा द्यायची, तिथलीच माणसं निवडली आणि त्यांना मनापासून शिकवलं, तर शाळेचं प्रमाणपत्र आड येत नाही. इर्शाळवाडीची पायवाट माहीत असलेला, ठाकूर-कातकरी बोली कळणारा तरुण किंवा तरुणी ईएमटी झाली, तर वर सांगितलेला दुसरा शब्दकोश तिच्याकडे आधीच असतो. तिला फक्त पहिला द्यायचा आहे. शहरातून आलेल्या हुशार विद्यार्थ्याला मात्र दुसरा शब्दकोश सहा महिन्यांत मिळत नाही.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

- प्रशिक्षण केंद्रांनी मराठीत शिकवावं आणि संज्ञा देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत द्याव्यात. उच्चारांचे ऑडिओ मोबाइलवर द्यावेत.
- आशाताई, सुईणी आणि १०८ वरच्या डॉक्टरांना सोबत घेऊन रुग्णांच्या शब्दांची तालुकानिहाय यादी करावी. कशेळे, चौक, कर्जत इथल्या सरकारी रुग्णालयांत हे शब्द रोज ऐकू येतात.
- परीक्षेत संज्ञेची व्याख्या विचारण्याऐवजी रुग्णाचं वाक्य ऐकवावं आणि नोंद लिहायला सांगावी.
- रुग्ण ताब्यात देताना ठरलेला साचा वापरावा: काय घडलं, कुठे लागलं, नाडी-श्वास-रक्तदाब किती, आतापर्यंत काय केलं. चार वाक्यं, अर्धा मिनिट.

तो साचा प्रत्यक्षात असा दिसेल: “पस्तिशीतला पुरुष, चाळीस मिनिटांपूर्वी ट्रकला मागून धडक. पोटावर मुका मार, उजवी मांडी फ्रॅक्चर. पल्स १२८, बीपी ९० बाय ६०, श्वास २८, बोलतोय पण गोंधळलेला. ऑक्सिजन सुरू, मांडीला स्प्लिंट, एक सलाइन लाइन.” यात मराठी आहे, इंग्रजी आहे, आकडे आहेत. ऐकणाऱ्याला शॉकचा संशय यायला एवढं पुरेसं आहे.

आणि तुम्ही काय करू शकता?

घाटात, द्रुतगती मार्गावर किंवा ट्रेकला असताना अपघात दिसला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सगळ्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. फोनवर कुठलाही वैद्यकीय शब्द वापरायची गरज नाही. एवढंच सांगा:

१. कुठे: किलोमीटरचा दगड, आणि मुंबईकडे जाणारी वाहिनी की पुण्याकडे जाणारी.
२. किती जखमी: कुणी गाडीत अडकलंय का.
३. शुद्ध: हाक मारल्यावर उत्तर देतो का.
४. श्वास: छाती वर-खाली होतेय का.
५. रक्त: थांबत नाहीये असं रक्त कुठून येतंय का.

‘अटॅक आलाय’, ‘शॉकमध्ये आहे’ असं निदान करू नका. जे दिसतंय ते सांगा.

पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. त्यानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. याच कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आहे: गंभीर इजेनंतरचा पहिला तास. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

तो तास घाटात फार लवकर संपतो. दरीतून वर काढण्यात, वाहतूक कोंडीत, रुग्णालय शोधण्यात बराचसा निघून जातो. त्यातली चार-पाच मिनिटं तरी ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ या गोंधळात जाऊ नयेत, एवढं तर नक्की करता येईल. त्यासाठी आजीचं ‘पान लागलं’ आणि डॉक्टरांचं ‘टोसिस’, दोन्ही कळणारी माणसं गाडीत हवीत. कर्जत-खालापुरात ती आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत शिकवायचं तेवढं बाकी आहे.